मुठीतली वखार : अमरावती ते अकोला

अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातील दोन मोठी व्यापारी शहरे कापसाच्या बळावर वाढली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि इथला माल थेट बंदराच्या वाटेला लागला. तेव्हापासून इथल्या पेढ्यांवर तीन सूत्रे पिढ्यान्‌पिढ्या मुरत आली आहेत : माल पारखून घ्यावा, जागा मोजून भरावी आणि व्यवहार लिहून ठेवावा.

त्याच घराण्यांतील आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी आज दिवाळीला अथवा वार्षिक परीक्षेनंतर हातात धरून खेळण्याचा गेम कन्सोल मागते. घरातील वडीलधारी मंडळी ‘हे मुलांचे विषय’ म्हणून निवड मुलांवर सोपवतात आणि स्वतः केवळ पैसे देण्यापुरती दुकानात जातात. वास्तविक यातील चांगल्या यंत्राची किंमत दुचाकीच्या आसपास जाते. मूल पडदा पाहते, वेग पाहते, मित्राकडे काय आहे ते पाहते. माल कुठे मावेल, जागा पुढे वाढवता येईल का, बिघाड झाला तर कोणाच्या दारात जायचे, हे प्रश्न पेढीवर बसलेल्या माणसाचे आहेत. ते त्यानेच विचारले पाहिजेत. अमरावतीहून अकोल्यापर्यंतचे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर हे प्रश्न उलगडण्यास पुरेसे आहे, कारण वाटेवरची गावे त्यांची उत्तरे आधीच देऊन बसली आहेत.

अमरावती : यंत्राची निवड

जुन्या अमरावतीभोवतीचा परकोट निजामाच्या अमलात बांधला गेला, तो पेंढाऱ्यांपासून इथल्या धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून. जवाहर गेटच्या आत सराफा, किराणा आणि कापडाची जुनी पेठ आहे, तर बाहेर राजकमल चौक, जयस्तंभ चौक या भागात नव्या काळाचा बाजार पसरला आहे. तिथल्या मोबाइल आणि संगणकाच्या दुकानांत कन्सोलची चौकशी केली, तर साधारणपणे तीन प्रकारचा माल पुढे येतो.

पहिला प्रकार जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या स्विच या यंत्राचा. ते ३ मार्च २०१७ रोजी जगाच्या बाजारात आले. त्यात अंगभूत साठवण ३२ जीबीची होती. २०१९ मध्ये लहान आकाराचे स्विच लाइट आले, तेही ३२ जीबीचेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये सात इंची ओएलईडी पडद्याचे आले, त्यात ६४ जीबी. ५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २ मध्ये हा आकडा २५६ जीबीवर गेला. हे यंत्र लहान मुलांना सोपे जाते, त्याचे खेळ आकाराने आटोपशीर असतात आणि पालकांना खेळण्याची वेळ ठरवून देणारे विनामूल्य अ‍ॅप त्यासोबत मिळते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला, भारतीय पुराणकथांवर आधारलेला ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम याच यंत्रावर उपलब्ध झाला, ही मराठी माणसाला कौतुकाची बाब. परंतु स्विच भारतात दीर्घकाळ अधिकृत वितरणाविना, आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातूनच विकला गेला, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार म्हणजे मुठीत मावणारा संगणकच. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आले आणि या प्रकाराला जगभर मागणी निर्माण झाली. भारतात तेही आयातदारांमार्फतच मिळत राहिले. असुसचे आरओजी अ‍ॅलाय मात्र जुलै २०२३ मध्ये भारतात अधिकृतपणे, सुमारे ७० हजार रुपयांना दाखल झाले. पुढे लेनोव्हो आणि एमएसआय यांची यंत्रेही आली. ही यंत्रे विंडोजवर चालतात, संगणकावरचे खेळ त्यांत चालतात आणि पडद्याला जोडून अभ्यासाचे अथवा हिशेबाचे कामही करता येते. त्यांचे खेळ मात्र अवाढव्य असतात. एकेक खेळ १०० जीबी आणि त्याहून अधिक जागा अडवतो.

तिसरा प्रकार दोन-चार हजार रुपयांच्या चिनी यंत्रांचा. ‘पाच हजार खेळ भरलेले’ अशी त्यांची जाहिरात असते. जुन्या खेळांच्या या प्रती बहुधा मालकाच्या परवानगीशिवाय उतरवलेल्या असतात, आणि त्या ज्या कार्डावर भरलेल्या असतात ते कार्ड अनेकदा हलक्या प्रतीचे असते. दुसऱ्याच्या शिक्क्याचा माल आपल्या पोत्यात भरून विकणाऱ्याला बाजारात जे नाव आहे, तेच इथेही लागू पडते. मुलाला पहिल्या खरेदीतच तो धडा देणे योग्य नव्हे.

पहिल्या दोन प्रकारांत निवड करताना मुलाचे वय, खेळांची आवड आणि घरातील शिस्त यांचा विचार प्रत्येक कुटुंब आपल्या परीने करीलच. वयाने लहान असलेल्यांना स्विच, महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना विंडोजचे यंत्र, असा ढोबळ कौल देता येतो. मात्र साठवणीचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उभा राहतो आणि त्याचे उत्तर शोधायला अकोल्याच्या रस्त्याला लागावे लागते.

मूर्तिजापूर : रुळांची रुंदी

अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग जून २०२२ मध्ये जगाच्या नोंदवहीत गेला. ३ ते ७ जून या दिवसांत राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने या मार्गावर ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण केले आणि गिनीज विक्रमात त्याची नोंद झाली. आता वाहने या रस्त्याने वेगाने धावतात. त्यांच्या तुलनेत १०० जीबीचा खेळ इंटरनेटवरून कसा येतो, याचा हिशेब पाहावा. सेकंदाला ५० मेगाबिटची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी साडेचार तास लागतात. तेवढ्यात अमरावतीचा माणूस अकोल्याला जाऊन परत येईल. जागा अपुरी पडली म्हणून एक खेळ पुसायचा आणि हवासा वाटला की पुन्हा उतरवायचा, हा उद्योग दर्यापूर, तेल्हारा यांसारख्या तालुक्याच्या गावी किती वेळखाऊ होतो, हे निराळे सांगायला नको. साठवण आरंभीच पुरेशी घेण्याचे पहिले कारण हे आहे.

या मार्गावरच मूर्तिजापूर लागते. यवतमाळहून आणि अचलपूरहून येणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी येथे मुंबई-नागपूरच्या रुंद लोहमार्गाला मिळत असे. शकुंतलेच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, मुख्य मार्गाचे १,६७६ मिलिमीटर. दोन्ही मार्ग एकाच स्थानकात येत, पण एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर चढत नसे. गठाणी उतरवून पुन्हा चढवाव्या लागत. आज शकुंतला थांबली आहे. तिने शिकवलेली गोष्ट मात्र कन्सोलची साठवण वाढवताना पदोपदी उपयोगी पडते : माल चांगला असून भागत नाही, रुळांची रुंदी जुळावी लागते.

उदाहरणे पाहा. मूळचे स्विच, लाइट आणि ओएलईडी या तिन्ही यंत्रांना मोबाइलमध्ये वापरतात तसेच मायक्रो-एसडी कार्ड चालते, २ टीबीपर्यंत. स्विच २ ला मात्र खेळ ठेवण्यासाठी ‘मायक्रो-एसडी एक्स्प्रेस’ हेच कार्ड लागते. दिसायला दोन्ही कार्डे सारखीच, खाचही तीच. परंतु जुने कार्ड घातले तर त्यावरील स्विचची छायाचित्रे आणि चित्रफितीच काय त्या पाहता किंवा उतरवता येतात, खेळ ठेवता येत नाहीत. काउंटरवर ‘कोणतेही चालते’ असे सांगितले गेले, तरी कार्डावरचे ‘एक्स्प्रेस’ हे अक्षर स्वतः वाचून घ्यावे.

विंडोजच्या यंत्रांत आणि स्टीम डेकमध्ये साठवण एसएसडी नावाच्या छोट्या पट्टीवर असते आणि ती बदलता येते. या पट्टीची रुंदी २२ मिलिमीटर, लांबी मात्र वेगवेगळी. स्टीम डेक आणि पहिल्या आरओजी अ‍ॅलायमध्ये ३० मिलिमीटरची, लेनोव्होच्या लिजन गोमध्ये ४२ मिलिमीटरची आणि अ‍ॅलाय एक्समध्ये ८० मिलिमीटरची. यांना अनुक्रमे २२३०, २२४२ आणि २२८० असे म्हणतात. लॅपटॉपमध्ये सर्रास दिसते ती ८० मिलिमीटरची. लहान शहरातील दुकानात तीच सहज हाताशी असते आणि घाईत तीच दिली जाते. अधिक लांबीची पट्टी लहान जागेत बसत नाही, आणि घरी येऊन झाकण उघडल्यावर ते कळते.

याहून मोठी सावधगिरी एकाच कंपनीपुरत्या मर्यादित साठवणीची. २०११ मध्ये जपानात आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन व्हिटा या यंत्राला त्याच कंपनीचे खास कार्ड लागत असे. ते महाग होते आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या यंत्रात चालत नव्हते. यंत्राचे उत्पादन थांबले, कार्ड दुर्मीळ झाले. ज्या यंत्राला सर्वसामान्य कार्ड चालते, त्याचे आयुष्य वऱ्हाडासारख्या ठिकाणी अधिक असते, कारण सुटा भाग कधीही मिळतो.

अकोला : वखारीचे मोजमाप

मोर्णेच्या काठचे अकोला आजही कापूस, सोयाबीन आणि डाळींचा मोठा बाजार आहे. इथल्या माणसाला क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतांश सरकी जाते, हे शिकवावे लागत नाही. रुई दाबून १७० किलोची गठाण केली की तिला वखारीत किती जागा लागेल, हेही तो जाणतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतचा ओलावा पूर्ण भावाला धरला जातो आणि त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत वजावट होते. म्हणजे काट्यावर दिसणारे वजन आणि पदरात पडणारे मोल यांत फरक असतो आणि तो आधीच धरायचा असतो.

साठवणीतही असा कडता असतो. वेष्टनावर ५१२ जीबी लिहिलेले कार्ड विंडोजमध्ये सुमारे ४७७ दिसते, २५६ चे २३८ आणि १ टीबीचे ९३१ जीबी. यात फसवणूक नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, तर विंडोज १,०२४ च्या पटीत. एकाच मालाला दोन मापे लागली, इतकेच. त्याशिवाय यंत्राची स्वतःची प्रणाली अंगभूत साठवणीचा काही भाग व्यापून बसते. मूळच्या स्विचमध्ये ३२ पैकी सुमारे २६ जीबीच खेळांसाठी उरते. विंडोजच्या यंत्रात प्रणाली आणि तिच्या वेळोवेळी येणाऱ्या सुधारणा कित्येक जीबी खातात.

तेव्हा हिशेब असा मांडावा. मूल एका वेळी किती खेळ हाताशी ठेवील? स्विचवर १५ जीबीच्या आसपासचे पाच खेळ धरले तर ७५ जीबी होतात, सुधारणांसह १०० धरावेत. १२८ जीबीचे कार्ड पुरते, २५६ जीबीचे घेतले तर दोन वर्षे चिंता नाही. विंडोजच्या यंत्रावर १०० जीबीचे चार खेळ धरले तर ५१२ जीबी जेमतेम ठरते, म्हणून तिथे १ टीबी हे वाजवी माप आहे. याहून मोठे कार्ड आजच घेऊन ठेवण्यात अर्थ नसतो. वखार गरजेपुरती असावी, रिकामी वखारही भांडवल अडवते.

कार्डाचा वेगही त्याच्यावर छापलेला असतो. ‘यू३’ किंवा ‘व्ही३०’ म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची खात्री. ‘ए१’ आणि ‘ए२’ ही चिन्हे बारीकसारीक माहिती किती झटपट वाचली-लिहिली जाते, याची. सर्वसाधारण स्विचला यू३, ए१ आणि नामांकित कंपनीचे कार्ड पुरेसे आहे. यंत्राचा मार्ग जेवढा वेग झेलू शकतो, त्यापलीकडचा वेग विकत घेणे व्यर्थ.

खरा धोका आहे तो बनावट कार्डांचा. ओल्या कापसाच्या गाडीत वरचा थर कोरडा ठेवण्याची युक्ती जुनी आहे. म्हणूनच जाणकार अडत्या हात खोलवर घालून नमुना काढतो. बनावट कार्डात हीच युक्ती विद्युतरूपाने केलेली असते. आतली चिप ३२ जीबीची, पण तिच्या नियंत्रकाला १ टीबी सांगायला शिकवलेले. पहिले ३२ जीबी व्यवस्थित बसतात आणि त्यानंतर भरलेला माल नाहीसा होतो किंवा आधीचा माल पुसून त्याच्या जागी बसतो. महिनाभराने खेळ उघडेनासा होतो, तोवर परत करण्याची मुदत संपलेली असते. यावर उपाय तोच : हात तळापर्यंत घालावा. संगणकावर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा विनामूल्य प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेले पुन्हा वाचून पाहतो. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. परत करण्याच्या मुदतीतच ही चाचणी करावी. बाजारभावाच्या चौथ्या हिश्श्याला मिळणारे १ टीबीचे कार्ड चाचणीशिवायही संशयास्पदच समजावे.

एसएसडी बदलायची असेल तर काम जाणत्याकडून करून घ्यावे. आधी माहितीची प्रत काढावी, विंडोजमधील कूटबद्धतेची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून ठेवावी, बॅटरीची जोडणी सोडवल्याशिवाय आत हात घालू नये. स्टीम डेकमध्ये झाकण उघडण्यापूर्वी मेमरी कार्ड काढून घ्यावे, विसरल्यास ते झाकणासोबत तुटते. स्विचवरील खेळाची प्रगती कार्डावर नसून यंत्राच्या अंगभूत साठवणीत असते, हेही लक्षात असू द्यावे. कार्ड हरवले तर खेळ पुन्हा उतरवता येतो. यंत्रच हरवले, तर सशुल्क सदस्यत्वातून दूरच्या साठवणीत प्रत ठेवली नसल्यास मुलाची वर्षाची मेहनत जाते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही वह्यांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

अकोल्याच्या उन्हाळ्याचा निराळा उल्लेख आवश्यक आहे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपुढे जातो आणि सुट्टीत खेळण्याचे दिवसही तेच. निन्टेंडो स्वतः ५ ते ३५ अंश तापमानात यंत्र वापरण्यास सांगते. यंत्र उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये, दुपारी चार्जिंगला लावून खेळू नये, हवा बाहेर पडण्याची फट उशी-गादीवर दाबली जाऊ देऊ नये. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते.

पक्के बिल

शेवटचा प्रश्न व्यवहाराचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. टिळक रोडवर असो वा राजकमल चौकात, आयात मालाच्या दुकानात बोलणे बहुधा असे होते : “काका, बिलासकट घेतलं तर एक भाव, बिनबिलाचं घेतलं तर चार हजार कमी. माल तोच आहे.” मूल वडिलांकडे पाहते. त्या क्षणी वडील जे बोलतील ते मूल खेळापेक्षा अधिक काळ लक्षात ठेवील.

बिनबिलाचा माल बिघडला तर दाद मागण्याचा कागद उरत नाही. पाहुण्यांकडून परदेशातून आणवलेल्या यंत्राची हमी भारतात चालेलच असे नाही. जवळचे सेवाकेंद्र नागपूरला असेल की मुंबईला, याची चौकशी खरेदीपूर्वी करावी लागते. १ जानेवारी २०१९ पासून गेम कन्सोलवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला गेला. तेवढा कर वाचवण्यासाठी वर्षाची हमी सोडणे हा तोट्याचा सौदा आहे. उलट बाजूची चूकही घडते. कन्सोलचे बिल दुकानाच्या नावावर फाडून कराची वजावट घेतली जाते. घरगुती वापराच्या वस्तूवर अशी वजावट कायद्याला मान्य नाही. तपासणीत ती उघडी पडली, की परतावा, व्याज आणि दंड यांपुढे कन्सोलची किंमत किरकोळ ठरते.

तेव्हा बिल मुलाच्या पालकाच्या नावे घ्यावे, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कार्डाचे बिलही सोबत ठेवावे. यंत्राच्या खात्यात बँकेचे कार्ड कायमचे साठवू नये. प्रत्येक खरेदी पालकाच्या संमतीने आणि नोंदीने व्हावी. मुलाच्या हाती एक लहानशी वही द्यावी : कोणता खेळ, किती रुपयांचा, किती जीबीचा, शिल्लक जागा किती. चार महिन्यांत त्याला जमा, खर्च आणि शिल्लक यांचा अर्थ न शिकवता कळेल. पुढे हे यंत्र विकून मोठे घ्यायचे झाले, तर हमीचे कागद, मूळ पेटी आणि ती वही यांमुळे चार पैसे जास्तच मिळतील.